कोवळी रोपं गायब, टोमॅटोला भोकं: जाळी विकत आणायच्या आधी हे बघून घ्या

फेब्रुवारी-मार्चमध्ये मेथी, कोथिंबीर, भेंडी, काकडी लावली की होळीपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच फोटो फिरायला लागतो, अर्धवट खाल्लेलं रोप आणि खाली "पक्ष्यांनी सगळं संपवलं, कुठली जाळी घेऊ?" मी पुण्यात राहते, घरामागे जराशी परसबाग आणि वर गच्चीत कुंड्या, आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर जाऊन हाच प्रकार इतक्या वेळा निस्तरलाय की फोटो बघूनच बरंचसं कळतं. तर सगळ्यात आधी हे सांगते की पक्ष्यांचं नाव घेतलेलं असतं तेव्हा बरेचदा चोर दुसराच निघतो, आणि हजार-दोन हजारांची जाळी लावल्यावर तो जाळीच्या आतच बसून आरामात जेवत असतो. म्हणून आधी कोण ते शोधा, मग फुकटचे उपाय, मग स्वस्तातले, जाळी सगळ्यात शेवटी.

लक्षणं, आपलं यातलं कुठलं ते बघा

- बी पेरलं पण उगवलंच नाही, माती वरवर उकरलेली
- रोप मातीलगत कापलेलं, शेंडा तिथेच आडवा पडलेला
- रोपाने मान टाकली, देठ मातीपाशी दोऱ्यासारखा बारीक झालेला
- पानं कडेने ओरबाडल्यासारखी, मधली शीर शिल्लक
- पानांना गोल भोकं, खालच्या पानावर काळे बारीक दाणे
- पिकत आलेल्या टोमॅटोला भोक, किंवा टोमॅटो अख्खाच गायब
- टोमॅटोचं बूड काळं, चामड्यासारखं
- मिरच्या अर्ध्या कुरतडून खाली टाकलेल्या
- फुलं येतात आणि गळतात
- पान दुमडून शिवल्यासारखं झालेलं

यात चोरीच झालेली नाही, अशी कुठली ते आधी बाजूला काढा

मान टाकलेलं रोप कोणी खाल्लेलं नाही, ती मर आहे, म्हणजे बुरशी. बी दाट पडलं, वर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, माती कधी सुकतच नाही, की मर आलीच. रोपं विरळ करा, वरची माती बोट लावून कोरडी लागेपर्यंत पाणी बंद, पुढच्या वेळी मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा. गेलेली रोपं परत येत नाहीत, उपटून टाका.

टोमॅटोचं काळं बूड बघून "बुलबुलने चोच मारली आणि सडलं" असं मला दर वर्षी कोणीतरी सांगतंच. चोच कोणीही मारलेली नाही. पाणी एक दिवस भरपूर आणि मग दोन दिवस काहीच नाही, असं झालं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि बूड काळं पडतं. पाणी रोज सारखं द्या, कुंडीत वर पालापाचोळा पसरा, नवीन फळं नीट येतात. अंड्याची टरफलं कुस्करून टाकली तरी चालतात पण ती कुजायला इतका वेळ घेतात की या सीझनला त्यांचा उपयोग शून्य.

फुलगळीचं खापर तर बिचाऱ्या शिंजीर पक्ष्यावर फुटतं, कारण तो दिवसभर फुलांपाशी भिरभिरताना दिसतो. तो मध प्यायला येतो, गेला तर परागीभवनच करून जातो. मार्चअखेर दुपारी पारा 35 च्या वर गेला आणि रात्रीही उकडायला लागलं की टोमॅटो फुलं गाळतो, त्याला दुपारची सावली द्या एवढंच.

आणि शिवलेलं पान. वांग्याचं किंवा भोपळ्याचं मोठं पान द्रोणासारखं वळलेलं दिसलं की लोक अळी समजून तोडून टाकतात. तोडायच्या आधी पानाची कड अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघा. अळीने गुंडाळलेल्या पानात आत जाळं आणि काळी विष्ठा असते. शिंपी नावाच्या छोट्या पक्ष्याने घरट्यासाठी शिवलेल्या पानाच्या कडेला मात्र टाचणीने टोचावीत तशी भोकं ओळीने दिसतात, प्रत्येक भोकातून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवलेला आणि बाहेरच्या बाजूला त्याचं फुसफुशीत बोंडुक, म्हणजे धागा सुटू नये म्हणून. आत मऊ कापूस दिसला तर हात लावू नका, त्या झाडाला पाणी नेहमीसारखं घाला, फवारणी मात्र बंद. शिंप्याची जोडी पिल्लांसाठी दिवसभर किडे आणि अळ्या वेचत असते, तुमच्याच झाडांवरच्या.

तपासणी पहिली, फुकट: खुणा वाचा

सकाळी पाणी घालायच्या आधी बघा. पाणी घातलं की निम्म्या खुणा धुऊन जातात, आणि मग आपण अंदाजावर चालतो.

टोमॅटोचं भोक वेडंवाकडं, कडा ओल्या आणि फाटलेल्या, वरच्या खांद्यावर आणि झाडाच्या मोकळ्या बाजूला असेल तर तो पक्षी, बहुतेक बुलबुल. भोक गोल, स्वच्छ, आत अळी अर्धी बाहेर अर्धी, बाजूला ओली विष्ठा, तर फळ पोखरणारी अळी. दोन-दोन दातांच्या समांतर रेघा असतील तर खार नाहीतर उंदीर, आणि यातला फरक वेळेवरून कळतो, खार दिवसा येते, उंदीर रात्री. मिरच्यांचे तुकडे खाली सडा पडल्यासारखे पडले असतील तर पोपट, त्याला तिखट लागतच नाही, आणि तो खातो कमी नि फेकतो जास्त.

पानं कडेने ओरबाडलेली आणि मेथी-पालकाची असतील तर चिमण्या किंवा बुलबुल. मधे गोल भोकं आणि काळे दाणे तर अळी. कडेने मोठे घास घेतल्यासारखे तर नाकतोडा. चकचकीत वाळलेला चिकट पट्टा दिसला तर गोगलगाय, मग पुढचं काही शोधायलाच नको. काकडी-दोडक्याच्या पहिल्या दोन-चार पानांची चाळण झाली असेल तर केशरी-लाल भुंगेरे शोधा, सकाळी थंडाव्यात ते सुस्त असतात, साबणाच्या पाण्यात झटकून टाकायचे.

दुसरी, हीपण फुकटच: रांगोळी आणि क्रेट

खुणांवरून कळलं नाही तर रात्री कुंड्यांभोवती रांगोळीचा पातळ थर पसरा. पीठ नको, मुंग्या येतात. सकाळी पावलं वाचा. पक्ष्याची तीन बोटं पुढे एक मागे, उंदराची बारीक पावलं आणि मधे शेपटीची रेघ.

त्याहून पक्की पद्धत म्हणजे भाजीवाल्याकडचे प्लॅस्टिकचे क्रेट किंवा घरातली जुनी टोपली. सारख्या वयाच्या तीन कुंड्या घ्या. एकीवर क्रेट फक्त रात्री पालथा घाला, दुसरीवर फक्त दिवसा, तिसरी उघडीच. दोन-तीन दिवसात उत्तर मिळतं. रात्री झाकलेली वाचली आणि दिवसा झाकलेली खाल्ली गेली, तर चोर रात्रीचा, म्हणजे पक्षी सुटले. उलट झालं तर पक्षी किंवा खार. दोन्ही झाकूनही खाल्ल्या तर चोर मातीतच आहे, क्रेटच्या आत. मी हे करून घेतल्याशिवाय कोणाला जाळीचं माप सांगत नाही, लोकांना राग येतो पण पैसे त्यांचेच वाचतात.

चोर रात्रीचा निघाला तर जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन गच्चीवर जा. रोप मातीलगत कापलेलं असेल तर त्याच्या भोवतीची बोटभर माती उकरा, राखाडी-मातकट अळी गोल वळून पडलेली सापडेल, ती दिवसा मातीत झोपते. एका अळीने रात्रीत तीन-चार रोपं आडवी केलेली असतात, म्हणून नुकसान बघून वाटतं मोठीच धाड पडली. ती काढून टाकली आणि उरलेल्या रोपांना चहाच्या कागदी कपाचा तळ कापून गळपट्टा घातला, बोटभर मातीत रोवून, की प्रश्न संपला. गोगलगायी हातमोजा घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका, मीठ कुंडीत टाकू नका, झाडच मरेल. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीला तर उघड्या हाताने शिवूच नका, तिच्यातून माणसाला बाधणारे जंत येतात. उंदीर असेल तर पिंजरा लावा, आत खोबऱ्याचा तुकडा किंवा भजं. विषाचा खडा ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने किंवा शेजाऱ्यांच्या मांजराने खाल्ला की ते पण जातं.

तिसरी: दाणे आणि पाणी कुठे ठेवलंय

पक्षी आहेत हे नक्की झालं, आता पुढे. भाजीच्या कुंड्यांशेजारी तुम्हीच बाजरी-ज्वारी टाकता का, हे स्वतःला विचारा. टाकत असाल तर पारवे तिथे दाण्यासाठी येतात आणि शेजारी मोकळी भुसभुशीत माती दिसली की तिथलं बी पण टिपतात, उरलेल्या दाण्यावर रात्री उंदीर. पारव्यांना दाणे घालणं सरळ बंद करा असं माझं मत आहे, त्यांची विष्ठा वाळून धुळीत मिसळली की फुप्फुसाचे आजार होतात, 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला तो याच कारणावरून.

पाण्याचं मात्र उलट. पाणी ठेवा, पण भाजीपासून लांब. मार्च-एप्रिलमध्ये बुलबुल टोमॅटो आणि काकडीला चोच मारतो त्यात भुकेइतकीच तहान असते. पसरट मातीचं भांडं, दोन बोटं पाणी, मधे एक दगड म्हणजे चिमणीला उभं राहता येतं, आणि सावलीत. पाणी रोज ओतून भांडं घासून परत भरायचं, आठवडाभर तसंच राहिलं की डास होणार आणि मग डेंग्यूवरून सोसायटीची नोटीस. याने चोच मारणं थांबतं असं नाही, पण कमी होतं, आणि खर्च शून्य.

चौथी: पेरायची आणि तोडायची पद्धत बदला

मेथी तीन-चार दिवसात उगवते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे दिवस धणे मातीत पडून राहतात आणि चिमण्या, पारवे, मुंग्या सगळ्यांना तेवढा वेळ मिळतो. म्हणून "मेथी आली, कोथिंबीर आलीच नाही" ही तक्रार इतकी कॉमन. धणे रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खाली पेरा, आणि वर ओलं गोणपाट झाका. रोज उचलून बघायचं, कोंब दिसला त्याच दिवशी संध्याकाळी गोणपाट काढायचं, उशीर केला की कोंब पिवळे आणि लांबट होतात आणि गोणपाटात अडकून उपटून येतात.

पारवे रिकाम्या रुंद कुंडीत बसायला येतात, मग तिथेच दोन अंडी घालतात आणि पुढे दीड महिना ती कुंडी त्यांची. खराट्याचे हीर घ्या आणि कुंडीभर चार-चार बोटांवर उभे रोवा. उतरायला जागा राहिली नाही की ते येत नाहीत, आणि रोपांना हिरांचा काही त्रास नाही.

टोमॅटोसाठी सगळ्यात सोपी गोष्ट अशी की तो झाडावर लाल होऊच देऊ नका. हिरव्यावर पहिली गुलाबी-पिवळट झाक आली की तोडा आणि घरात टोपलीत ठेवा. त्या अवस्थेत तो घरातही पूर्ण पिकतो. लाल रंग दिसायच्या आत फळ घरात, मग बुलबुल येऊन करणार काय.

सीडी, चकचकीत रिबिनी, प्लॅस्टिकचं घुबड, हे सगळं चार दिवस चालतं. पक्षी मूर्ख नसतात. पाचव्या दिवशी मी बुलबुलला त्या घुबडाच्या डोक्यावर बसलेलं बघितलंय.

पाचवी, आता पैसे: पिशव्या, मग जाळी

सगळी बाग झाकायच्या आधी फक्त फळं झाका. द्राक्षं-डाळिंबाला लावतात तसल्या पांढऱ्या कापडी पिशव्या कृषी सेवा केंद्रात मिळतात, टोमॅटोच्या घोसाला एक चढवा आणि दोरी ओढा. हवा खेळती राहते, पक्षी आणि फळमाशी दोन्ही बाहेर.

पालेभाजीसाठी 50 टक्के शेडनेट उत्तम, उन्हाचंही काम होतं, वीण दाट म्हणून पक्षी अडकत नाही आणि पालेभाजीला मधमाशी लागत नाही. फळभाजीला मात्र विचार करावा लागतो. टोमॅटो, मिरची, वांगं, भेंडी यांचं परागीभवन आपलं आपण होतं, झाड जरा हलवलं तरी पुरे. काकडी, कारलं, दोडका, दुधी यांची नर-मादी फुलं वेगळी, जाळी लावून मधमाशी अडवली तर फळच धरणार नाही. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात तेव्हा जाळी उघडी ठेवा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाला हाताने लावायचं, जाळी असो नसो हे केलं तर दुधी जास्त धरतात.

पक्षी अडवायची जाळी घेतलीच तर करंगळी आत जाणार नाही एवढी बारीक भोकं, पांढरी किंवा ठळक रंगाची, आणि पीव्हीसी पाइपच्या नाहीतर बांबूच्या चौकटीवर ताणून बसवलेली. झाडावर नुसती टाकलेली सैल नायलॉन जाळी ही सगळ्यात वाईट, तिच्यात चिमणीचा पाय, बुलबुलचा पंख आणि धामणीचं अख्खं अंग अडकतं, पतंगाच्या मांजासारखं कापत जातं. खालून विटा ठेवून बंद करा आणि दिवसातून दोनदा नजर टाका. एवढं जमणार नसेल तर जाळी लावू नका, थोडा टोमॅटो त्यांना गेला तर जाऊ दे.

जाळी बांधताना झाडात घरटं सापडलं तर काम तिथेच थांबवा. बुलबुलचं असेल तर अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना धरा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे जंगली पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं गुन्हा आहे, आणि तसंही पिल्लांना चारायला ती जोडी त्या महिन्यात तुमच्या अळ्याच उचलते. उडायला शिकणारं पिल्लू खाली बसलेलं दिसलं तर घरात आणू नका, मांजर येत नाही ना एवढं बघा, आई-बाप जवळपासच असतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बाल्कनीच्या बाहेर किंवा डक्टला जाळी लावायची असेल तर स्टुलावर चढून बाहेर वाकायचं नाही, हे काम बेल्ट लावून करणारी माणसं असतात, पैसे द्या.

डक्टमध्ये किंवा गच्चीच्या कोपऱ्यात पारव्यांच्या विष्ठेचा जाड थर असेल तर कोरडा झाडू मारू नका. थोडीशी असेल तर पाणी मारून भिजवायची आणि मास्क लावून गोळा करायची. जास्त असेल किंवा घरात कोणाला दमा असेल तर सफाईवाले बोलवा, आणि साफ केल्यानंतर खोकला किंवा धाप टिकून राहिली तर डॉक्टरांना "पारव्यांची घाण साफ केली होती" हे सांगा, ते आपणहून विचारतीलच असं नाही.

पक्षी जाळीत अडकला तर ओढू नका. अंगावर फडकं टाका, जाळी कात्रीने कापा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी किंवा दूध घालू नका, आणि वन विभागाच्या 1926 वर फोन करा. वानरं येत असतील तरी नंबर हाच, त्यांच्यापुढे या पोस्टमधलं काहीही चालत नाही.

एकाच वेळी दोन-चार पक्षी मेलेले सापडले तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2025 च्या जानेवारीत उदगीरला कावळे मरायला लागले तेव्हा तो बर्ड फ्लू निघाला होता.

आणि क्रेटची तपासणी करून, रात्री टॉर्च मारूनसुद्धा चोर सापडत नसेल, पानं वाकडी होऊन आखडत असतील, एकामागून एक झाडं पिवळी पडत असतील, तर तो चावा घेणारा कोणी नाही, व्हायरस किंवा मुळाचा रोग असू शकतो. किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर मराठीत बोलता येतं, नाहीतर एक अख्खं झाड मुळासकट पिशवीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. तोडलेलं एक पान नेऊ नका, त्यावरून त्यांनाही काही सांगता येत नाही.